कॅमेऱ्याचा पासंग

आमच्या घरात दोन वस्तूंना हात लावायची मुलांना सक्त बंदी होती. एक देवघरातली अन्नपूर्णा आणि दुसरा ह्यांचा कॅमेरा. अन्नपूर्णेला निदान मी रोज स्नान घालीत असे. कॅमेऱ्याला मात्र लग्नाला बारा वर्षे झाली तरी मी कधी बोट लावले नव्हते. तो ह्यांचा प्रांत. माझा प्रांत म्हणजे चूल, मुले, सासूबाईंची औषधे आणि सकाळचे शाळेतले तीन तास. मी मराठी घेऊन बी. ए. झाले आणि जवळच्या एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. ‘लेन्स’, ‘फोकस’, ‘शटर’ हे शब्द रोज कानांवर पडत, पण पोळ्या लाटताना शेजारच्या रेडिओवर बाजारभाव ऐकू यावेत तसे. अशा बाईने कॅमेऱ्यावर लिहावे ह्याचे तुम्हांला हसू येईल. मलाही येते. पण २०२३ सालच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आमच्या घरात जे घडले, ते एखाद्या मैत्रिणीच्या उपयोगी पडेल, म्हणून धीर करून लिहिते आहे.

आमचे गाव मढ. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घाट संपला, पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी दिसू लागले, की आमचे गाव आलेच म्हणा. पावसाळ्यात मुंबईची मंडळी धबधबे बघायला आणि फोटो काढायला गाड्या भरभरून येतात. आम्हांला मात्र त्या दिवसांत एकच विवंचना असते, ती म्हणजे धुतलेले कपडे वाळवायचे कुठे!

ह्यांचा रस्त्याला लागून छोटासा फोटो स्टुडिओ आहे. बारा महिने पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. खरी कमाई लग्नसराईची. कॅमेरा घेतला २०१८ साली, कर्ज काढून. त्याच्यासोबत आलेल्या साध्या लेन्सवर चार वर्षे निभावले. पण आताशा गिऱ्हाइकांना हवे असते ते निराळेच. नवरीचा चेहरा तेवढा लख्ख आणि मागचे सगळे धुक्यात गेल्यासारखे. मोबाइलवर असे फोटो पाहून पाहून सगळ्यांना त्याची चटक लागलेली. त्यासाठी ८५ मिलिमीटरची, मोठ्या तोंडाची लेन्स लागते. पुण्याला एकाकडे वापरलेली मिळत होती, अठरा हजारांना. माझ्या मानधनातून बाजूला टाकलेले बरोबर तेवढेच पैसे होते, कपडे धुण्याच्या यंत्रासाठी. दिवाळीनंतर मी ते ह्यांच्या हातावर ठेवले. म्हटले, “घ्या. यंत्र काय, पुढच्या वर्षी.”

आणि तिथूनच आमचे ग्रह फिरले.

पहिल्या दोन लग्नांत कोणी काही बोलले नाही. तिसऱ्याला नवरदेवाचा भाऊ म्हणाला, “फोटो झ्याक आहेत, पण जरा पुसट वाटत्यात.” मेमधले एक लग्न जवळच्याच वाडीतले होते. पाठवणीच्या वेळी नवरी आजीच्या गळ्यात पडून रडत होती. तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा म्हणून त्यांनी आधीच सांगून ठेवलेले. ह्यांनी तो संगणकाच्या पडद्यावर मोठा केला, तेव्हा मी चहा घेऊन मागे उभी होते. आजीच्या कानातल्या बुगडीचा मोती न् मोती मोजता येत होता. पण तिचे डोळे? जणू काचेवर वाफ धरावी तसे. ज्या डोळ्यांसाठी तो फोटो काढला, तेच नेमके हरवले होते. त्या घराने उरलेले आठ हजार दिले नाहीत. आम्हीही मागितले नाहीत. कोणत्या तोंडाने मागणार?

ह्यांनी सगळे उपाय केले. शटरचा वेग वाढवला, तिवई वापरली, श्वास रोखून फोटो काढले. काही म्हणता काही फरक नाही. त्यातच कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहताना त्यांना समोरचेच अंधूक दिसायला लागले. मग तर त्यांनी मनाशी घेतलेच, की आपली नजर गेली. नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. वय बेचाळीस, चाळिशी लागलेली, एवढेच निघाले. वाचायचा चष्मा आला. फोटो होते तसेच राहिले.

जूनमधल्या एका रात्री जेवताना कुठल्याशा बोलण्यावरून मी नको ते बोलून गेले. “लेन्स चांगलीच आहे. नजर गेलीय ती तुमची. माझं यंत्र मात्र हकनाक गेलं.” सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. हे काहीच बोलले नाहीत, पाणी पिऊन उठले. दुसऱ्या दिवशी कळले, की चाकणच्या एका कारखान्यात पाळीचे काम मिळते का, ह्याची त्यांनी मित्राकडे चौकशी केली आहे. ज्या माणसाने सतरा वर्षे दुसऱ्यांच्या घरचे सोहळे टिपले, तो आता गेटवर कार्ड दाखवून आत जाणार. आणि तेही माझ्या बोलण्यावरून! रात्रभर मला झोप लागली नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. अधिक महिना म्हणजे जावयाचा मान. माझे माहेर ओतूर. ऑगस्टच्या सुरुवातीला आईने धोंड्याच्या जेवणाला बोलावले. हे यायला तयार नव्हते, सासूबाईंनी दटावून पाठवले. अनारसे झाले, ताम्हनात दिवा देऊन झाला, धोंडे झाले. ह्यांचे कशातच लक्ष नव्हते. जेवणानंतर अण्णा म्हणजे माझे वडील सुपारी कातरत बसले होते. चाळीस वर्षे किराणा दुकान चालवलेला माणूस; समोरच्याच्या चेहऱ्यावरून उधारी ओळखणारा. त्यांनी हळूच विषय काढला आणि ह्यांनी, काय वाटले कोण जाणे, सगळे सांगून टाकले.

अण्णांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले. “पाव्हणं, चूक रोज एकाच अंगाला होते, का कधी हिकडं कधी तिकडं?”

हे विचारात पडले. म्हणाले, “एकाच अंगाला. नेहमी थोडं मागं. डोळे सोडून कानावर.”

“आन् दर येळी तेवढीच?”

“साधारण तेवढीच.”

“मग नजरेचा दोष नव्हे तो,” अण्णा म्हणाले. “हात हालला तर चूक कुठंबी पडंल. रोज तेवढीच आन् तिकडंच पडती, म्हंजी तो पासंग. तराजू खोटा नसतोय. रिकामी पारडी एका रेषेत येत न्हाईत, एवढंच. हलक्या पारड्याला शिशाचा तुकडा बांधायचा, झालं काम. तुमच्या कॅमेऱ्याला पासंग बांधायची सोय न्हाई का?”

पासंग हा शब्द शहरातल्या मैत्रिणींना कदाचित ठाऊक नसेल. ‘अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही’ असे आपण म्हणतो, तोच हा पासंग. दोन पारड्यांतला मुळातला फरक, आणि तो भरून काढायला बांधलेला तुकडाही. अण्णांच्या दुकानात आता माझा भाऊ विजेचा काटा वापरतो. पण जुना तराजू मागच्या खोलीत खुंटीला अजून आहे आणि त्याच्या दांडीला बांधलेला शिशाचा तुकडाही. येताना मी तो दोनदा हातात घेऊन पाहिला.

घरी आल्यावर कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका शोधून काढली. ती इंग्रजीत, चांगली जाडजूड. हे म्हणाले, “ती कोण वाचतंय!” मी म्हटले, “मी वाचते. बी. ए.ला इंग्रजीचा पेपर होता म्हटलं मला.” शब्दकोश घेऊन दोन रात्री बसले. जे उमगले ते माझ्या भाषेत सांगते.

ह्यांच्यासारख्या कॅमेऱ्यात आत एक आरसा असतो. लेन्समधून आलेला बहुतेक प्रकाश हा आरसा वर पाठवतो, तो आपल्या डोळ्याला खिडकीतून दिसतो. थोडा प्रकाश आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून आरपार जातो, आणि मागच्या एका लहान आरशावर आपटून कॅमेऱ्याच्या तळाशी उतरतो. तिथे फोकस जुळवणारा एक भाग बसवलेला असतो. तो सांगतो आणि लेन्स फिरते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश थेट मागच्या सेन्सरवर पडतो. तोच आपला फोटो. म्हणजे फोकस ठरवतो एक जण आणि फोटो काढतो दुसराच! दोघांच्या वाटा तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात. त्यात केसभर फरक पडला, तरी तळातला म्हणतो ‘जुळले’ आणि सेन्सरवर मात्र जुळलेले नसते.

मग हा दोष इतकी वर्षे कसा कळला नाही? त्याचेही उत्तर मिळाले. जुन्या साध्या लेन्सचे तोंड लहान. तिच्यात पुढचे-मागचे बरेचसे अंतर स्पष्ट येते, त्यात थोडी चूक खपून जाते. ८५ ची लेन्स १.८ वर पूर्ण उघडून दोन मीटरवरून चेहरा टिपला, तर ह्यांच्या कॅमेऱ्यावर स्पष्ट पट्टा मिळतो जेमतेम चार सेंटीमीटरांचा. तेच ८ वर बंद केली की पट्टा अठराच्या आसपास जातो. आता बघा, डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर आठ-दहा सेंटीमीटर. चार सेंटीमीटरांचा पट्टा थोडा जरी मागे सरकला, की डोळे गेलेच आणि बुगडी उमटलीच.

आणि अण्णांनी विचारलेली सोय खरोखरच होती. २००७ साली कॅननने आपल्या ‘वन डी मार्क थ्री’मध्ये आणि निकॉनने ‘डी ३’ व ‘डी ३००’मध्ये फोकसची ही बारीक दुरुस्ती घरच्या घरी करायची सोय दिली. पुढे ती मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यांतही आली. उणे वीसपासून अधिक वीसपर्यंत आकडे असतात. प्रत्येक लेन्ससाठी आपला आकडा निवडायचा, कॅमेरा तो लक्षात ठेवतो. २०१६ साली निकॉनच्या ‘डी ५’ आणि ‘डी ५००’मध्ये तर हे मोजमाप कॅमेऱ्याने आपले आपणच करावे इथवर मजल गेली. आमच्या कॅमेऱ्यात ते आपोआपचे नव्हते, पण हाताने करायचे होते. पाच वर्षे ते यादीत तळाशी पडून होते. आपल्या फडताळात मागे सारलेल्या बरणीसारखे!

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पाऊस जरा उघडला होता. ओटीवर टेबल मांडले. मी घरातून पाच काडेपेट्या आणल्या आणि शाळेच्या फूटपट्टीने मोजून त्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या ओळीत उभ्या केल्या. प्रत्येक पेटी आधीच्या पेटीच्या दोन सेंटीमीटर मागे आणि थोडी बाजूला. बरोबर मधल्या, म्हणजे तिसऱ्या पेटीवर फोकस करायचा. कॅमेरा तिवईवर, पेट्यांच्या उंचीला. अंतर अडीच मीटर, कारण तपासणी फार जवळून करू नये. लेन्सच्या मिलिमीटरांच्या पंचवीस ते पन्नास पट अंतर धरावे, किंवा आपण ज्या अंतरावरून नेहमी चेहरे टिपतो ते. लेन्स पूर्ण उघडी. फोकसचा एकच, मधला ठिपका. हात लागून हलू नये म्हणून बटणाऐवजी दोन सेकंदांचा टायमर.

आधी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहून दहा फोटो काढले. पडद्यावर पाहताना आरसा वर असतो आणि फोकस खुद्द सेन्सरच ठरवतो, त्यामुळे तिथे पासंगाचा प्रश्न नाही. तिसरी पेटी लख्ख आली. मग खिडकीतून पाहून दहा फोटो, आणि प्रत्येक वेळी आधी लेन्स मुद्दाम बिघडवून. हे महत्त्वाचे. लेन्स आधीच जुळलेली असेल तर ती जागची हलत नाही आणि आपली फसगत होते. दहापैकी आठ फोटोंत चौथी पेटी स्पष्ट, तिसरी पुसट. उरलेल्या दोनांत थोडे इकडेतिकडे. यंत्रही दर खेपेला तंतोतंत तेच करीत नाही, म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नये.

हे पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझे डोळे...”

मी मान खाली घातली.

फोकस मागे पडतो आहे, म्हणजे तो कॅमेऱ्याकडे ओढायला हवा. त्यासाठी उणे आकडा. पुढे पडत असता तर अधिक. उणे पाच केले. सुधारले, पण पुरते नाही. उणे बारा केले; आता दुसरी पेटी उजळ दिसू लागली. मधे मधे करत उणे नऊवर थांबलो. दहापैकी नऊ वेळा तिसरी पेटी. जुन्या लेन्सवर तीच तपासणी केली, तर तिला आकड्याची गरजच नाही. म्हणजे कॅमेरा वाईट नव्हता आणि लेन्सही वाईट नव्हती. दोघांच्या बारीक बारीक खोडी एकाच दिशेच्या निघाल्या आणि त्यांची बेरीज झाली.

सासूबाई उंबऱ्यात बसून हा सगळा खेळ पाहत होत्या. म्हणाल्या, “म्हंजी दोघंबी चांगली, पण एकत्र आली की बिघाड. असं म्या लई घरांत बघितलंय.” ह्यांना कित्येक आठवड्यांनी हसू फुटले.

पण एक कोडे उरलेच होते. खिडकीतून अंधूक का दिसते? पासंगाने फोटो बिघडेल, खिडकीतले दृश्य असे धुरकट व्हायचे कारण नाही. मी प्रथमच डोळा लावून पाहिले. माझी नजर धड असूनही मला पुसट दिसले. समोरची काडेपेटीच नव्हे, तर खिडकीच्या तळाला जे हिरवट आकडे उमटतात तेही पुसट! ते आकडे तर लेन्समधून येत नाहीत, कॅमेऱ्याच्या आतलेच असतात. मग पुस्तिकेत सापडले. खिडकीच्या कडेला एक चिमुकले चाक असते, ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे फिरवायचे. चष्म्याच्या नंबरासारखेच ते. चाक फिरवताच आकडे लख्ख झाले. मी धाकट्याकडे पाहिले. तो खांबामागे सरकला आणि म्हणाला, “मी फक्त एकदाच फिरवलं होतं.” बंदी असलेल्या वस्तूला हात लागला होता तर! एरवी धपाटा मिळाला असता. त्या दिवशी मी त्याला अनारसा दिला.

ह्या सगळ्या उलाढालीत मला कळलेल्या चार गोष्टी वहीत लिहून ठेवल्या आहेत, त्या इथे उतरवते. घरात कॅमेरा असेल तर जरूर पाहा.

खिडकीचे चाक पहिल्यांदा. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत फिरवावे. चष्मा लावून पाहणार असाल तर चष्मा लावूनच फिरवावे. ह्याने फोटोवर परिणाम होत नाही, पण आपला आत्मविश्वास जातो आणि चूक भलत्याच ठिकाणी शोधली जाते.

कशावर फोकस करायचा हे कॅमेऱ्यावर सोडू नये. ठिपका कॅमेऱ्यालाच निवडू दिला, तर तो बहुधा जवळचे काहीतरी पकडतो. लग्नात जवळचे म्हणजे अंतरपाट, हार नाहीतर भटजींचा हात! एकच ठिपका निवडावा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. मधल्या ठिपक्याने फोकस करून मग कॅमेरा वळवायची सवय उघड्या लेन्सला मारक आहे; तेवढ्या वळण्यानेही डोळे पट्ट्याबाहेर जातात.

माणूस बसलेले असेल तेव्हा फोकस एकदा जुळून थांबणारा ठेवावा. सप्तपदी, वरात, मुलांची पळापळ असेल तेव्हा सतत जुळत राहणारा. आणि हलणाऱ्या माणसासाठी शटरचा वेग एक-द्विशतांश सेकंदापेक्षा कमी नको. सगळाच फोटो एका दिशेने फरफटलेला दिसला तर तो हाताचा किंवा वेगाचा दोष. फोटोत कुठेतरी काहीतरी लख्ख असेल, पण हवे तिथे नसेल, तर तो फोकसचा. आणि तो नेहमी एकाच अंगाला असेल, तर पासंगाचा. अण्णांचा प्रश्न विसरू नये.

पासंग सगळ्या कॅमेऱ्यांना बांधता येत नाही. पुष्कळशा स्वस्त कॅमेऱ्यांत ही सोय नसते. तिथे मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढावा, नाहीतर कॅमेरा आणि लेन्स दोन्ही एकत्र दुरुस्ती केंद्रात द्यावे. एकटी लेन्स देऊन उपयोग नाही. ज्या नव्या कॅमेऱ्यांत आरसाच नसतो, त्यांत आणि मोबाइलमध्ये फोकस सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे ही भानगड उरत नाही. आणि आमच्यासारख्या पावसाच्या गावच्या बायकांनी आणखी एक करावे. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. नाहीतर लोणच्याला धरते तशी काचेलाही बुरशी धरते. तांदळात मात्र पुरू नये, त्याची पूड आत जाते.

आता राहिले त्या आजीचे. पासंग बांधला म्हणून आधी काढलेले फोटो सुधारत नाहीत. गेलेली पाठवणी परत येत नाही. हे आठवडाभर घोटाळत होते. शेवटी त्यांनीच त्या घरी फोन केला. सबब सांगितली नाही. “माझ्या कॅमेऱ्यात खोट होती, मला वेळेवर कळली नाही. मुलगी नागपंचमीला येईल तेव्हा आजीबरोबर फोटो काढून देतो. पैसे नकोत.” एवढेच बोलले. पलीकडून जरा वेळ काही उत्तर आले नाही. मग, “या,” म्हणाले.

त्या वर्षी २१ ऑगस्टला नागपंचमी होती आणि तो श्रावणी सोमवारही होता. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी पाहायला माणसांची रीघ लागलेली, आणि आम्ही दोघे स्कूटरवरून उलट्या दिशेने, पावसात, त्या वाडीकडे. मी बरोबर गेले, कारण ह्यांनी सकाळीच सांगितले होते, “तू चल. आकडे तुला पाठ आहेत.”

कौलारू घर. आत अंधार, वीज गेलेली. दाराशी खाट ओढली, नवरी आणि आजी दारातल्या उजेडाकडे तोंड करून बसल्या. ह्यांनी बाजूला पांढरी चादर धरायला सांगितली, म्हणजे सुरकुत्यांच्या सावल्या मऊ होतील. पण चादर धरायला माणूस कोण? घरातले पुरुष शिवारात. तेव्हा ह्यांनी चादर स्वतः धरली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. माझे हात थरथरले. उजेड फार कमी, म्हणून संवेदनक्षमता ३२०० पर्यंत चढवली. लेन्स दोनवर. ठिपका आजीच्या डाव्या डोळ्यावर.

होमाई व्यारावाला ह्या भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात असत, हे मी मागे कुठेतरी वाचले होते. त्या क्षणी ते का आठवावे? माझा तो एकच फोटो, आणि मला कुठे तो छापून आणायचा होता! पण बटण दाबताना वाटले खरे, की हा माझा.

आजी नातीला म्हणत होती, “बारीक झालीस गं.” तेवढ्यात मी बटण दाबले.

मागच्या पडद्यावर तो मोठा करून पाहिला. पापण्या मोजता येत होत्या. डोळ्यांत दाराची चौकट दिसत होती, चौकटीत पाऊस. आणि बुगडी? ती पुसट! मी ह्यांना दाखवले. त्यांनी चाळिशी चढवली, बराच वेळ पाहिले आणि कॅमेरा आजीच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाली, “ही मीच का?”

त्या घराने उरलेले आठ हजार पुढे केले. ह्यांनी घेतले नाहीत. तेव्हा नवरीच्या वडिलांनी इंद्रायणी तांदळाचे अर्धे पोते स्कूटरवर बांधले. ते मात्र नाही म्हणवले नाही. चाकणची चौकशी तिथेच राहिली. कपडे धुण्याचे यंत्र अजून आलेले नाही. पण येत्या लग्नसराईत मी दुसऱ्या कॅमेऱ्यामागे उभी राहणार आहे, असे घरात ठरले आहे. बायकांच्या बाजूचे फोटो तूच काढ, असे गिऱ्हाइकेच म्हणतात.

परत येताना पाऊस थांबला होता. धरणाच्या पाण्यावर ढग उतरले होते. मी मागे बसून तांदळाचे पोते सावरत होते. जूनमधले ते जेवताना बोललेले शब्द तोवर घशातच अडकून होते. म्हटले, “अहो, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं. मनापासून चुकलं.”

हे थोडा वेळ गाडीच चालवत राहिले. मग मागे न बघता म्हणाले, “वहीत लिहून ठेव.”

“काय?”

“उणे नऊ.”